‘निषेध केला’ म्हणजे नेमकं काय केलं? इंग्रजी साधनं वाचताना सांभाळायची काही क्रियापदं

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींचे मसुदे वाचले, की एक वाक्य हमखास भेटतं : ‘या घटनेचा सर्वत्र निषेध करण्यात आला.’ विषय जालियनवाला बाग असो, हैदराबाद मुक्तिसंग्राम असो नाहीतर नामांतर आंदोलन असो, वाक्य तेच. खाली जे इंग्रजी साधन वापरलेलं असतं ते उघडून पाहिलं तर तिथे एका ठिकाणी ‘कंडेम’ असतं, दुसऱ्या ठिकाणी ‘डिप्लोअर’, तिसऱ्या ठिकाणी ‘सेन्शर’, चौथ्या ठिकाणी ‘डिनाउन्स’. मराठीत येताना या सगळ्यांचा एकच ‘निषेध’ झालेला असतो.

भाषेच्या पेपरात हे चालून जाईल. इतिहासाच्या संशोधनात चालत नाही, कारण ही क्रियापदं वेगवेगळ्या कृती सांगतात. एकात शिक्षा आहे, दुसऱ्यात नुसतं दुःख, तिसऱ्यात नोकरीच्या कागदावर पडलेला शेरा. क्रियापद चुकलं तर कधीकधी इतिहास अगदी उलटा लिहिला जातो. तसं कसं होतं ते आज तीन उदाहरणांतून पाहू : १९२० चं लंडन, १९०८ ची मुंबई आणि १९७८ नंतरचं आपलं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याआधी शब्दांची थोडी ओळख करून घेऊ.

शब्द कुठून आले

*सेन्शर.* प्राचीन रोममध्ये सेन्सॉर नावाचा अधिकारी असे. नागरिकांची गणना करणं आणि त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणं ही त्याची कामं. सिनेटच्या यादीतून एखाद्याचं नाव काढून टाकायचा अधिकारही त्याला होता. सेन्शर हा शब्द त्याच घराण्यातला आहे. म्हणून सेन्शर करणारी सहसा एखादी संस्था असते आणि ज्याला करायचं तो तिच्या अधिकाराखालचा माणूस असतो. आपल्याकडे याचं अगदी जिवंत उदाहरण सरकारी नोकरीत आहे. केंद्राच्या १९६५ च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्तविषयक नियमांत किरकोळ शिक्षांची जी यादी आहे, तिची सुरुवात सेन्शरपासून होते. मराठीत त्याला ‘ठपका ठेवणे’ म्हणतात. साहेब चारचौघांत ओरडले तर ती बोलणी झाली. ठपका म्हणजे लेखी आदेश, तो सेवाभिलेखात जातो. संसदेतही हाच फरक आहे. अविश्वास ठराव पूर्ण मंत्रिमंडळावर असतो आणि त्यात कारण द्यावं लागत नाही. सेन्शर मोशन, म्हणजे निंदाव्यंजक ठराव, एखाद्या मंत्र्यावरही आणता येतो, पण त्यात कारण सांगावंच लागतं.

*कंडेम.* हा मुळात न्यायालयातला शब्द. दोषी ठरवणं, शिक्षा फर्मावणं हा त्याचा जुना अर्थ. एसटीच्या डेपोत किंवा पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात विचारा, ‘गाडी कंडेम झाली’, ‘इमारत कंडेम केली’ हे सगळ्यांना कळतं. तपासणी झाली, निर्णय झाला, आता दुरुस्ती नाही. राजकीय भाषेत कंडेम वापरलं जातं तेव्हा त्या निकालाची सावली त्यात राहते. बोलणारा सांगत असतो की हे कृत्य चूक आहे, आमच्या लेखी निकाल झालेला आहे.

*डिनाउन्स.* मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘जाहीर करणं, कळवणं’. यातून दोन फांद्या फुटल्या. एक आज आपल्याला माहीत असलेली : उघडपणे, नाव घेऊन, आरोप करत बोलणं. याला पद लागत नाही. सभेतला वक्ता, संपादक, विद्यार्थी, कुणीही डिनाउन्स करू शकतो. दुसरी फांदी जुनी : अधिकाऱ्यांकडे एखाद्याची खबर देणं. गोव्यातल्या इन्क्विझिशनवर (१५६० ते १८१२, मध्ये काही वर्षं बंद) काम करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तिथे इंग्रजी पुस्तकात एका शेजाऱ्याने दुसऱ्याला डिनाउन्स केलं असं आलं, तर त्याचा अर्थ चौकात उभं राहून धिक्कार केला असा नसतो. धर्मन्यायालयाकडे जाऊन त्याच्याविरुद्ध माहिती दिली असा असतो, आणि बऱ्याचदा ती गुप्तपणे दिलेली असते. शिवाय करारांच्या भाषेत ‘तह डिनाउन्स केला’ म्हणजे आम्ही या तहातून बाहेर पडतो असं रीतसर कळवलं. एकच शब्द, तीन कामं.

*डिप्लोअर.* याच्या मुळाशी रडणं आहे. खेद, हळहळ, तीव्र नापसंती. या शब्दाची एक खोच अशी, की त्याला आरोपी लागतोच असं नाही. ‘जे घडलं ते शोचनीय आहे’ एवढं म्हणून थांबता येतं. कुणी केलं ते न सांगताही वाक्य पुरं होतं.

*डिक्राय.* पूर्वी एखादं नाणं चलनातून उतरवताना तशी जाहीर घोषणा व्हायची, जवळजवळ दवंडीच. त्याला डिक्राय म्हणत. आजही त्यात ‘किंमत कमी करणं’ हा भाव आहे. एका घटनेपेक्षा एखाद्या प्रथेविरुद्ध किंवा प्रवृत्तीविरुद्ध सतत ओरड करणं असा त्याचा वापर जास्त.

*कॅस्टिगेट.* शिक्षा करून सुधारणं हा मूळ अर्थ. आपल्याकडची ‘खरडपट्टी काढणं’ याच्या अगदी जवळची.

या शब्दांची उतरंड किती काटेकोरपणे पाळली जाते, ते आपल्या आठवणीतल्या एका प्रकरणात दिसतं. भारताने ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या केल्या. १४ मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांचं निवेदन निघालं, त्यात क्रियापद होतं डिप्लोअर, आणि त्याला ‘तीव्र’ हे विशेषण. मग २८ आणि ३० मेला पाकिस्तानने चाचण्या केल्या. ६ जूनला परिषदेने ११७२ क्रमांकाचा ठराव केला आणि त्यात क्रियापद आलं कंडेम. तीन आठवड्यांत निवेदनाचा ठराव झाला आणि खेदाचा दोषारोप झाला. राजनैतिक अधिकारी अशा एकेका शब्दासाठी रात्र रात्र बसतात. आपण मात्र मराठीत दोन्हीकडे ‘सुरक्षा परिषदेने निषेध केला’ असं लिहून मोकळे होतो, आणि मधल्या तीन आठवड्यांत काय बदललं हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

१९२० : हाऊस ऑफ लॉर्ड्सने कशाचा ‘निषेध’ केला?

आता पहिलं मोठं उदाहरण. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार केला. सोळाशे पन्नास फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसं मेली. काँग्रेसच्या चौकशीतला अंदाज हजाराच्या घरात होता. सरकारने हंटर समिती नेमली आणि तिचा अहवाल मे १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. समितीतल्या बहुमताने लोकांना इशारा न देणं आणि गोळीबार चालूच ठेवणं या गोष्टींना गंभीर चूक म्हटलं. मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांच्यासह तिन्ही भारतीय सदस्यांनी वेगळा, बराच कडक अहवाल दिला.

डायरचं काय झालं? त्याला पदावरून दूर केलं आणि पुढे नेमणूक मिळणार नाही असं सांगितलं. खटला नाही, कोर्ट मार्शल नाही, तुरुंग नाही. इंग्रजी पुस्तकं इथे सहसा ‘सेन्शर’ वापरतात आणि ते बरोबर आहे : संस्थेने आपल्या माणसावर ठपका ठेवला. मराठीत ‘डायरला दोषी ठरवून शिक्षा झाली’ असं लिहिलं तर वाचकाला न्यायालय आठवेल, आणि न्यायालय तर झालंच नव्हतं. त्या काळात हिंदुस्थानात जो संताप होता, त्याचं एक मोठं कारण ठपका आणि शिक्षा यांच्यामधलं हे अंतर होतं. क्रियापद सपाट केलं की ते कारणच पुसलं जातं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. जुलै १९२० मध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांत यावर चर्चा झाली. ८ जुलैला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये युद्धमंत्री चर्चिल यांनी गोळीबाराविरुद्ध अतिशय कडक भाषण केलं. हे डिनाउन्स करण्याचं चांगलं उदाहरण : उघड, नेमकं, कृत्याचं वर्णन करत. भारतमंत्री मॉन्टेग्यू यांच्या विरोधकांनी त्यांच्या पगारात शंभर पौंड कपात सुचवली. ही तिथली जुनी रीत आहे; पैसे वाचवायचे नसतात, मंत्र्यावर ठपका ठेवायचा असतो. ती सूचना २३० विरुद्ध १२९ मतांनी पडली.

मग २० जुलैला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ठराव आला. त्यात क्रियापद होतं डिप्लोअर. तो १२९ विरुद्ध ८६ मतांनी मंजूर झाला. एखाद्या घाईत असलेल्या विद्यार्थ्याने एवढंच टिपून घेतलं आणि लिहिलं, ‘जालियनवाला बाग प्रकरणी हाऊस ऑफ लॉर्ड्सने निषेधाचा ठराव मंजूर केला’, तर वाक्यातला एकही शब्द खोटा नाही आणि तरी पूर्ण वाक्य खोटं आहे. लॉर्ड्सनी खेद व्यक्त केला होता तो डायरला दिलेल्या वागणुकीबद्दल. त्याच्यावर अन्याय झाला आणि यामुळे बंडाच्या वेळी सुव्यवस्था राखणं अवघड होईल असा धोकादायक पायंडा पडतो, असा त्या ठरावाचा आशय होता. मेलेल्या माणसांबद्दल तो ठराव नव्हताच.

म्हणजे इथे दोन गोष्टी तपासायला हव्या होत्या. क्रियापद कोणतं, आणि त्याचं कर्म कोणतं. कशाचा निषेध, हे न बघता निषेध लिहिला तर हत्याकांड करणाऱ्याची बाजू घेणारं सभागृह हत्याकांडाच्या विरोधात उभं राहिलेलं दिसतं. ब्रिटिश संसदेच्या चर्चा हॅन्सार्ड या नावाने आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्या दोन दिवसांच्या चर्चा एकदा जरूर वाचा. क्रियापदांचा इतका चांगला वर्ग दुसरीकडे मिळणार नाही.

१९०८ : नापसंती चालेल, द्वेष चालणार नाही

लंडनमध्ये शब्द निवडणाऱ्यांच्या हातात सत्ता होती. शब्द वापरणाऱ्याच्या हातात सत्ता नसेल आणि शब्दाचा अर्थ ठरवणारा दुसराच असेल तर काय होतं, यासाठी आपण बारा वर्षं मागे, मुंबई हायकोर्टात जाऊ.

राजद्रोहाचं कलम १२४ अ भारतीय दंडविधानात १८७० मध्ये आलं. त्याच्या स्पष्टीकरणात सुरुवातीपासून एक शब्द आहे : ‘डिसअॅप्रोबेशन’. सरकारच्या धोरणांबद्दल नापसंती व्यक्त करायला हरकत नाही, असं ते स्पष्टीकरण सांगतं. गुन्हा होतो तो ‘डिसअफेक्शन’ पसरवला तर. म्हणजे टीकेच्या दोन शब्दांमध्ये कायद्याने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे संपादक, पलीकडे कैदी.

ही रेघ नेमकी कुठे, हे १८९७ मध्ये टिळकांच्या पहिल्या राजद्रोह खटल्यात ठरवायची वेळ आली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला डिसअफेक्शनचा अर्थ सांगताना तो फारच पसरट केला : अफेक्शनचा अभाव, म्हणजे सरकारविषयीच्या प्रेमाचा अभाव, इथपर्यंत. ज्युरीने सहा विरुद्ध तीन असा कौल दिला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती होऊन द्वेष आणि तुच्छता या अर्थाचे शब्दही घातले गेले. नापसंतीची सवलत मात्र स्पष्टीकरणात राहिली.

आता १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब फेकला गेला. लक्ष्य होते न्यायाधीश किंग्जफोर्ड, पण मेल्या दोन इंग्रज स्त्रिया. त्यानंतर सगळ्या संपादकांपुढे एक प्रश्न आला : तुम्ही याबद्दल काय म्हणता? अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रं कडक दडपशाहीची मागणी करत होती. त्यांना आणि सरकारला हवं होतं ते निखळ कंडेम. कारणमीमांसा नको, पण-परंतु नको.

‘केसरी’त १२ मे १९०८ ला अग्रलेख आला, ‘देशाचे दुर्दैव’. नुसतं शीर्षक बघा. दुर्दैव हा डिप्लोअरच्या जातीचा शब्द आहे. घडलं ते वाईट, देशावर अशी वेळ यावी हे वाईट. पण त्या दुःखाबरोबर लेख कारणं शोधतो आणि ती सरकारच्या धोरणात दाखवतो. ९ जूनला दुसरा लेख आला, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. त्यात दडपशाहीच्या कायद्यांवर टीका होती. माझ्या वाचनाप्रमाणे या दोन लेखांत दोन वेगळी क्रियापदं एकाच वेळी काम करतात : बॉम्बबद्दल खेद आणि सरकारी धोरणाबद्दल उघड दोषारोप. पहिलं क्रियापद सरकारला अपुरं वाटलं, दुसरं जास्त.

२४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. १३ जुलैला न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला सुरू झाला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख मराठीत लिहिलेले, वाचक मराठी, आणि निकाल देणाऱ्या नऊ माणसांपुढे ते लेख आले इंग्रजी भाषांतरातून.

टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. त्यांचं भाषण अनेक दिवसांत मिळून एकवीस तासांहून जास्त चाललं. त्यातला मोठा भाग भाषांतराबद्दल आहे. कोर्टापुढची भाषांतरं विपर्यस्त आहेत, मराठी शब्दाची धार इंग्रजीत वाढवलेली आहे, आणि ज्यांना मूळ भाषा येत नाही त्यांना लेखाचा परिणाम कसा कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण अँग्लो-इंडियन पत्रांशी वाद घालत होतो आणि तो वाद कायद्याने मान्य केलेल्या टीकेतच बसतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. म्हणजे सगळा बचाव एका प्रश्नाभोवती होता : ही डिसअॅप्रोबेशन की डिसअफेक्शन?

२२ जुलैच्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड. टिळक मंडालेला गेले आणि १९१४ मध्ये सुटले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

संशोधक म्हणून इथून काय घ्यायचं? पहिली गोष्ट, वसाहतकाळातले इंग्रजी अहवाल मराठी लेखनाबद्दल जी क्रियापदं वापरतात, ती मूळ लेखकाची नसतात. मराठी वर्तमानपत्रांचे आठवड्याचे इंग्रजी सारांश सरकार तयार करून घेत असे आणि आपण सगळेच ते वापरतो, कारण मूळ अंक सहज मिळत नाहीत. त्या सारांशात अमुक पत्राने सरकारला ‘डिनाउन्स’ केलं असं असेल, तर तो भाषांतरकाराचा निर्णय आहे. मूळ मराठीत कदाचित ‘खेद’ असेल, ‘आश्चर्य’ असेल किंवा उपरोधाने केलेली स्तुतीही असेल. मूळ अंक मिळेपर्यंत आपल्या वाक्यात ‘सरकारी सारांशानुसार’ हे दोन शब्द हवेतच. दुसरी गोष्ट, एखाद्याने ‘फक्त खेद व्यक्त केला, निषेध केला नाही’ असा शेरा मारण्याआधी त्या काळात कुठल्या शब्दाला किती वर्षांची किंमत होती, ते तपासायला हवं. आणि हा विषय फार जुनाही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १२४ अ नाही, पण कलम १५२ आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात डिसअॅप्रोबेशन हा शब्द आजही आहे.

१९७८ : दोन्ही बाजूंनी ‘निषेध’

आतापर्यंत अडचण इंग्रजीतून मराठीत येताना होती. आपल्याच गावातल्या इतिहासात ती मराठीच्या आतच उभी आहे.

आधी निषेध या शब्दाकडे बघू. संस्कृतात आणि जुन्या शास्त्रीय लिखाणात निषेध म्हणजे मनाई. ‘विधिनिषेध’ या जोडशब्दात तोच अर्थ आहे आणि ‘निषिद्ध’ त्याचाच भाऊ. म्हणजे जुन्या कागदात निषेध भेटला तर आधी ‘बंदी’ हा अर्थ लावून बघायचा. सभा, ठराव, मोर्चे यांच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ विरोध आणि दोषारोप असा झाला, आणि आज तो एकटाच प्रोटेस्टचंही काम करतो आणि कंडेमचंही.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, कुटुंबं गाव सोडून निघाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा खून त्याच काळातला. ठरावाची अंमलबजावणी थांबली. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. पुढे पंधरा-सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

आता हे वाक्य वाचा : ‘२७ जुलैनंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी निषेध सभा झाल्या.’ कुणाच्या? कशाच्या? ठरावाला विरोध करणारेही निषेधच करत होते आणि वस्त्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध उभे राहिलेलेही निषेधच करत होते. एकच शब्द, दोन्ही बाजू एकमेकांसमोर. हे वाक्य प्रबंधात तसंच ठेवलं तर घर जळालेला माणूस आणि त्याच्या हक्काला विरोध करणारा माणूस एकाच आकड्यात मोजले जातात. इंग्रजीत हेच लिहायचं असेल तर एका बाजूला ‘अपोज’ किंवा ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ लागेल, दुसऱ्या बाजूला ‘कंडेम’. इंग्रजी भाषांतर करून बघण्याचा हा एक फायदा : मराठीत झाकलेला प्रश्न तिथे उघडा पडतो.

त्या काळातली निवेदनं वाचताना आणखी एक चाळणी लावा. खेदाचं वाक्य आहे की दोषाचं? ‘झालेल्या घटना दुर्दैवी आहेत’ हे वाक्य आणि ‘अमुक गावात अमुक वस्तीवर झालेल्या हल्ल्याचा आम्ही निषेध करतो’ हे वाक्य एकाच खान्यात टाकू नका. पहिल्यात हल्लेखोर नाही, हल्ला झालेला माणूसही नाही. दुसऱ्यात निदान एक तरी आहे. कोणत्या पक्षाने, कोणत्या संघटनेने, कोणत्या संपादकाने कोणत्या तारखेला कोणतं वाक्य वापरलं आणि ते पुढे बदललं का, याचा नुसता तक्ता केला तरी एका प्रकरणाचं साहित्य हातात येतं. मुलाखती घेत असाल तर आणखी काळजी घ्या. गावातला वयस्क माणूस ‘तेव्हा लई निषेध झाला’ म्हणाला, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा : कशाचा, बाबा?

मग लिहायचं कसं?

कामाला येईल अशी पद्धत सांगतो. साधनात निंदेचं किंवा विरोधाचं क्रियापद आलं, की टिपणवहीत मूळ क्रियापद जसंच्या तसं उतरवा. त्याखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. कोण? बोलणाऱ्याला त्या माणसावर किंवा संस्थेवर काही अधिकार आहे का? असेल तर सेन्शर शक्य आहे. नसेल तर डिनाउन्स, कंडेम किंवा डिप्लोअर.

२. कशाचा? कृत्याचा, माणसाचा, धोरणाचा की परिस्थितीचा? लॉर्ड्सचा ठराव आठवा.

३. कुठे, कोणापुढे? जाहीर सभा, सभागृह, फाईलवरचा शेरा, की गुप्त खबर? गोव्याचं उदाहरण इथलं.

४. पुढे काय झालं? शिक्षा, बदली, माफी, की काहीच नाही?

मराठीत लिहिताना सेन्शरसाठी ‘ठपका ठेवला’, मंत्र्याच्या बाबतीत ‘निंदाव्यंजक ठराव’. कंडेमसाठी ‘निषेध केला’, आणि न्यायालयाचा संदर्भ असेल तर ‘दोषी ठरवलं’. डिनाउन्ससाठी ‘जाहीर धिक्कार केला’ किंवा ‘उघड आरोप केला’, आणि इन्क्विझिशनसारख्या ठिकाणी ‘विरुद्ध खबर दिली’. डिप्लोअरसाठी ‘तीव्र खेद व्यक्त केला’. डिक्रायसाठी ‘सतत टीका केली’. कॅस्टिगेटसाठी ‘खरडपट्टी काढली’ किंवा औपचारिक लिखाणात ‘निर्भर्त्सना केली’. ही यादी डोळे झाकून लावू नका. एकोणिसाव्या शतकातलं साधन असेल तर १८४७ चा मोल्सवर्थ-कँडी इंग्रजी-मराठी कोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाजूला ठेवा. त्या काळच्या भाषांतरकारापुढे कोणते पर्याय होते ते कळतं.

आणि ‘करण्यात आला’ हा प्रयोग शक्य तितका टाळा. त्याने कर्ता गायब होतो. ‘निषेध करण्यात आला’ऐवजी ‘अमुक संघटनेने अमुक तारखेच्या सभेत निषेधाचा ठराव केला’ असं लिहायला गेलात, की आपल्याकडे ती माहिती आहे की नाही हे आपोआप कळतं. नसेल, तर उद्या ग्रंथालयात जाऊन काय शोधायचं तेही कळतं.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या विषयातली एकच घटना घ्या आणि तिच्यावरचे तीन कागद : एक सरकारी, एक इंग्रजी वर्तमानपत्रातला, एक मराठी वर्तमानपत्रातला. तिन्हीतली निंदेची क्रियापदं एका पानावर उतरवा आणि वरचे चार प्रश्न लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. तिन्ही कागदांत क्रियापद वेगळं निघालं तर ते खोडून सारखं करू नका. ते वेगळं का, हे शोधणं हेच तुमच्या पुढच्या प्रकरणाचं काम असू शकतं.